पुन्हा पिसलं तरी दोडकाच

योगायोगालाही जाब विचारणारा माणूस जगात एकच झाला, आणि माझं नशीब बघा, तोच माझा पहिला साहेब निघाला. पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या मागे लागला होता तेव्हाची गोष्ट. मी यवतमाळहून निघून स्वारगेटला उतरलो आणि बिबवेवाडीत, पिठाच्या गिरणीवरच्या साहेबांच्या छोट्याशा कंपनीत चिकटलो. साहेबांचा हट्ट एकच. यादी पत्त्यांसारखी पिसायची असेल, तर आधी संगणकाला एक आकडा द्यायचा. त्याला आम्ही सीड म्हणतो. तोच आकडा पुन्हा दिला की यादी हुबेहूब तशीच पिसली जाते. "पिसा हवी तशी," साहेब म्हणत, "पण पुन्हा करून दाखवता आलं पाहिजे. नाहीतर जत्रेत जाऊन टोपीतून ससे काढा."

बरं, हे वेड ऑफिसात ठेवून घरी जावं की नाही! छे! घरची भाजीसुद्धा संगणक ठरवी; त्या दिवशीच्या तारखेचा सीड दिला, की भाज्यांच्या यादीत वर येईल ती. एकदा मला जेवायला बोलावलं, तर काकू कावलेल्या. "अहो, कालच दोडका झालाय. पाहुण्याच्या पानातही दोडकाच?" साहेब शांतपणे उठले आणि त्याच तारखेने यादी पुन्हा पिसली. "बघ, दोडकाच. यात माझा हात आहे का?"

"तुमचा हात कशातच नसतो. चिरायला मी आहे ना," काकू म्हणाल्या. दोडका मला लहानपणापासून आवडत नाही, पण मुकाट्याने गिळला बाप्पा.

मग एका क्लासचं काम आलं. परीक्षा संगणकावर, आणि कॉपी होऊ नये म्हणून प्रत्येक मुलाला प्रश्न वेगळ्या क्रमाने. साहेब म्हणाले, ज्याचा त्याचा रोल नंबर हाच सीड. मी कुरकुरलो, "कशाला सर? एकदा पिसलं की झालं."

"आपण यवतमाळहून वाद घालायला आलात की कामाला?"

मी निमूटपणे रोल नंबर घातले. आणि ऐन परीक्षेत वीज गेली! उत्तरं तेवढी बचावली, पण कोणाला कुठला प्रश्न कितवा आला होता, ती सगळी नोंद उडाली. क्लासचे मालक तणतणत आले. "पोरं पुन्हा परीक्षेला बसणार नाहीत! तुमच्या त्या नव्या मुलाला आधी घरी पाठवा!" माझी नोकरी अजून कच्ची होती. तिकडे यवतमाळला बाबांचे पेढे वाटून झाले होते. खापर माझ्याच डोक्यावर फुटणार, हे ठरलेलंच.

साहेबांनी पहिला रोल नंबर टाकला, प्रश्न पुन्हा पिसले. तोच क्रम! त्या मुलाची उत्तरं आपापल्या प्रश्नांपुढे जाऊन बसली. मग दुसरा, मग तिसरा. दुपारपर्यंत सगळे पेपर तपासून झाले. साहेब मालकांना म्हणाले, "मुलगा जाईल की घरी. संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर."

आज धायरीत माझं स्वतःचं घर आहे, ते त्या एका वाक्यावर उभं आहे असंच मी मानतो. परवा साहेबांना भेटायला गेलो. आता थकलेत. मनात वर्षानुवर्षं होतं ते विचारून टाकलं, "सर, मुलाखतीला पुण्यातली एवढी हुशार मुलं होती. मलाच का घेतलंत?"

"नावं पिसली. तुमचं वर आलं."

"सीड काय दिला होता?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "आठवत नाही."

ज्यांना कुठल्या तारखेला दोडका येतो ते अजून तोंडपाठ आहे, ते हा आकडा विसरले! म्हणजे नावं पिसलीच नव्हती. आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तेही माझ्यासाठी. वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "पुरे. जेवून जा."

पानात दोडकाच होता. मी दुसऱ्यांदा मागून घेतला.