वसुधाने यांना का वगळले?

हा लेख लिहायला बसताना माझ्यापुढे एकच प्रश्न होता. माझी भावजय वसुधा मूत्रपिंडाच्या आजारावरील औषधांच्या चाचण्यांचे व्यवस्थापन पाहत असे. माझे यजमान डायलिसिसवर आहेत. मग ज्या औषधाचा यांना उपयोग होण्याची शक्यता होती, त्याच्याच चाचणीत तिने यांना का येऊ दिले नाही? तिलाच विचारून हे कळले असते, पण वसुधाला जाऊन आता काही आठवडे झाले. विनयचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा मी हिमायतनगरच्या घरी यांच्या पथ्याप्रमाणे पोटॅशियम कमी व्हावे म्हणून भाजी उकळून तिचे पाणी फेकत होते. मेंदूत रक्तस्राव झाला, रुग्णालयात नेईपर्यंत सारे संपले, एवढेच तो बोलू शकला... आणि दुःखाच्या मागोमाग हाच प्रश्न माझ्या मनात उभा राहिला.

शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेले, म्हणून आधी थोडे समजावून सांगते. डायलिसिसवरील अनेकांना विलक्षण खाज सुटते. अंगावर पुरळ दिसत नाही, दिसतात ते फक्त नखांचे ओरखडे. वसुधाकडे आलेले औषध या खाजेवरचे होते. काही रुग्णांना खरे औषध मिळणार होते आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला, डॉक्टरांना किंवा वसुधालाही ठाऊक नसणार होते. ताप थर्मामीटरने मोजता येतो, खाज येत नाही. तिचे माप एकच, रुग्णाचा शब्द. खाज मुळीच नसेल तर शून्य, असह्य असेल तर दहा, हा आकडा त्याने स्वतः सांगायचा.

या चाचणीची गोष्ट वसुधानेच आमच्याकडे जेवताना काढली. मी लगेच म्हणाले, "मग यांचं नाव घाल की!"

"नाही वन्सं, भावोजी नकोत." पुण्याहून लग्न होऊन आली तेव्हा थट्टेने ती मला वन्सं म्हणू लागली आणि ते तसेच राहिले.

"का गं? घरचा माणूस म्हणून?"

"तसंच समजा."

हे हसत म्हणाले, "बघा, मी उंदीर व्हायला तयार आहे आणि ही मांजर होऊन दारात बसलीय!" आम्ही सारे हसलो. वसुधा मात्र ताटे उचलून आत गेली.

त्या दिवसापासून माझ्या मनात शंका घर करून राहिली. औषधात काही धोका आहे आणि तो हिला ठाऊक आहे का? तसे असेल तर ही ते इतरांना कशी देते? की उद्या काही बिघडले तर नातेवाईक तोंडावर बोलतील, याची हिला भीती वाटते? माझ्या संशयाला बळ देणारी आणखी एक गोष्ट होती. येणारा-जाणारा प्रत्येकजण यांना "आता खाज कशी आहे?" असे विचारी, वसुधा कधीच विचारत नसे. यांच्या बाहीवर रक्ताचे ठिपके दिसले तरी ती नजर वळवून दुसरेच काही बोले. मला तो कोरडेपणा वाटे.

ती गेल्यानंतर मी तिच्या विभागातील डॉक्टरांना भेटले. त्यांनी शांतपणे सांगितले, "कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आम्ही घेत नाही. पण नणंदेचे यजमान घरचे धरायचे की नाही, हे ठरवता आलं असतं. वसुधाताईंनी तो विषय आमच्यापर्यंत आणलाच नाही." म्हणजे निर्णय तिचा एकटीचा होता. शंका मिटली नाही, उलट वाढली.

मग एका दुपारी गौलीगुड्याचे रशीदभाई विनयकडे समाचाराला आले. ते त्याच चाचणीतले रुग्ण. मी तिथेच होते. मॅडम तुमच्याशी कशा वागत, असे मी त्यांना सरळच विचारले.

"सच बोलूं? पहले तो बहोत गुस्सा आया, आपा. मॅडम पूछे, खुजली कैसी है. मैं बोला, अल्ला का शुकर, बहोत आराम है. तो मॅडम बोले, रशीदभाई, ये जवाब मेरे वास्ते है क्या तुम्हारी पीठ के वास्ते?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"क्या बोलता? कोई मोहब्बत से पूछे तो आराम हैच बोलते ना अपन! उसके बाद मॅडम सवाल पूछके खिडकी की तरफ मूँ फेर लेते थे. बोलते, मेरी सूरत नको देखो, सोच के बोलो."

या शहरात कोणी आस्थेने विचारले की "आराम है" म्हणणे ही सभ्यता आहे आणि यांचा जन्म इथलाच. त्या सभ्यतेत खाजेचा आकडा आपोआप खाली येतो. मग रिकामी गोळीही गुणकारी ठरते आणि खरी कोणती, ते कळेनासे होते. वसुधाचा अविश्वास औषधावर नव्हता, यांच्या तिच्यावरच्या मायेवर होता.

हे अनुमान मला पटले, पण अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. घरी आल्यावर मी यांच्यासमोर बसून विचारले, "खाज कशी आहे?"

"बरी आहे की. तू काळजी करू नकोस."

थोड्या वेळाने मी खिडकीशी गेले. खालच्या रस्त्याकडे पाहत तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि मागे न वळता थांबले.

"आठ," हे म्हणाले. "कधी नऊ. गेले कित्येक महिने धड झोप नाही. तुला सांगून काय करायचं, असं वाटायचं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि हाच आकडा त्यांना सांगितला. चाचणीचे औषध गुणकारी आहे की नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही. वसुधाने मला कारण का सांगितले नाही, ही शंकाही उरलीच आहे. कदाचित सांगितले असते, तर मी यांना आकडा पढवूनच पाठवले असते, हे तिने ओळखले असावे.

वाचकांना एकच विनंती. माझ्या सांगण्यावर विसंबू नका. तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर आज समोर बसून विचारा आणि उद्या पाठ फिरवून विचारा. दोन्ही उत्तरे सारखी येतात का, ते स्वतः पडताळून पाहा.