जबानीतली शेवटची ओळ

वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास आम्ही दोघांनी सोलापुरात मिळून केला आणि शिंदीही मिळूनच प्यायलो. माझा जोडीदार दुधनीचा. घरात कानडी, बाहेर मराठी. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की आम्ही आबकारीच्या कायद्याचं पुस्तक मिटायचो आणि थेट शिंदीचं दुकान गाठायचो. मजा यायची, आता खोटं कशाला बोलू?

आमचे गुरू एक म्हातारे वकील होते. सनदेसाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागे, आणि तो त्यांच्याच हातचा मिळायचा होता. दर शनिवारी ते ओसरीवर आमच्याकडून उलटतपासणीची तालीम करून घेत. एका शनिवारी खटला घेतला तो शिळी शिंदी विकल्याचा. मी साक्षीदार, जोडीदार जबानी लिहून घेणार.

"शिंदी शिळी होती हे कशावरून सांगता?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मला चेव आला. पहाटेची गोड लागते, ऊन चढलं की फेस धरते, दुपारी आंबते, संध्याकाळी नाकाशी धरवत नाही, सगळं सांगून टाकलं. स्वतःवर बेहद्द खूश होतो मी.

"हे कोणत्या पुस्तकात आहे?"

आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"म्हणजे पिता तर. एकटेच?"

"एकटाच," मी म्हणालो. माझा दाखला गेलाच होता, निदान त्याचा तरी राहावा.

रीतीप्रमाणे जोडीदारानं जबानी वाचून दाखवली. शेवटची ओळ मी बोललोच नव्हतो: 'ही जबानी लिहिणाराही साक्षीदाराच्या सोबत पीत असे.'

"अरे, हे मी कुठं म्हटलं?"

"तू न्हाय म्हटलास. पण मी व्हतो की!"

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "सहा महिने त्या दुकानाकडे फिरकू नका. मग दाखल्याचं बघू."

आम्ही फिरकलो नाही. सुरुवातीला भोंगा झाला की जीव कासावीस व्हायचा. मग चहा घ्यायचा आणि एकमेकांवर खेकसायचं. पुढं पुढं चहाच आवडायला लागला.

सहा महिन्यांनी वकीलसाहेबांनी जोडीदाराच्या दाखल्यावर झटकन सही केली. माझ्या दाखल्यावर टाक थांबला.

"शिंदीचं मी विसरलो," ते म्हणाले. "पण 'एकटाच' म्हणून तू खोटी साक्ष दिलीस."

"माझ्यासाठी दिली की, साहेब," जोडीदार म्हणाला.

"म्हणूनच करतोय," म्हणत त्यांनी सही केली.