बंद पडद्याआडचं कासव

मी बोलायला लाजत नाही. चौकात, शाळेच्या फाटकावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये – माइक दिला तर बोलते, नाही दिला तर ओरडून बोलते. पण हे? हे आईला सांगितलेलं नाही, गटातल्या कुणाला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण माझी पत्रकं तुमच्या दाराखालून आत सरकलेली असतील आणि त्यांतल्या एकावर तुम्ही विश्वास ठेवला असेल.

खोटं होतं ते.

आमचा चार-पाच जणांचा गट. घरात भरभराट यावी म्हणून एखादा जिवंत प्राणी डब्यात कोंबणाऱ्यांविरुद्ध आम्ही लिहितो. मथळे माझे. चटके बसतील असे.

सावेडीत आमच्या खालच्या मजल्यावर शकुंतला काकू राहतात. मूळच्या नेवाशाकडच्या, मुलगा सुप्याला कंपनीत. त्यांच्या गॅलरीत एक कासव होतं – जमिनीवरचं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. असं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. त्या मुद्द्यावर मी आजही मागे हटत नाही. काकू त्याला ‘शेठ’ म्हणायच्या. “आमच्या ह्यांच्यासारखंच हाय बघ,” त्या हसून सांगायच्या, “दिवसभर हलायचं न्हाई, आन् ताट वाजलं की पयला हजर.” त्याच्यासाठी खास असं त्या काहीच करत नव्हत्या. गॅलरीत सकाळपासून ऊन यायचं. कुंडीतलं तण, गळालेली जास्वंद तो खायचा. उन्हात बसायचा, तापलं की माठाच्या सावलीत जायचा. झालं.

मी गेले आणि त्यांना घाबरवलं. पोलीस येतील म्हणाले. मुलाची नोकरी जाईल म्हणाले – हे तर मी तिथल्या तिथे रचलं. काकूंनी शेठला पदरात गुंडाळून माझ्या हातात दिलं. वन विभागाकडे सोपवते, असा शब्द दिला मी.

सोपवलं का?

नाही. मला ते कासव हवं होतं. त्याला दुसरं काही नाव देऊ नका – मी देऊन पाहिलंय, टिकत नाही. मागच्या दारानं वर नेलं, माझ्या खोलीत काचेच्या टाकीत ठेवलं आणि आईला सांगितलं की परवानगी आहे.

आणि मी वाचलं होतं हो सगळं! मला माहीत होतं की अशा कासवाला कोरडी, ऊबदार जागा लागते. फिरायला भरपूर जमीन लागते. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, थेट ऊन अंगावर पडावं लागतं, नाहीतर कवच कच्चं राहतं – हे तर मी शाळांमधून फळ्यावर लिहून शिकवलंय. पण ऊन द्यायचं तर खिडकी उघडावी लागणार. कुणी पाहिलं तर? माझ्या घरात, माझ्याच खोलीत? मी पडदे ओढून घेतले. एक साधा पिवळा बल्ब लावला आणि मनाला म्हटलं, ऊब तर मिळतेय ना.

काकडी घालायचे, कारण ती फ्रिजमध्ये असायची. खालचा भुसा ओला राहायचा. वास सुटला – मुताचा, बुरशीचा, कुजक्या काकडीचा. मी काय केलं? अगरबत्ती लावली. त्याचे डोळे सुजून मिटले, नाकातून फेस यायला लागला. एकदा उचलताना बोट कवचात किंचित रुतलं. कवचात! ओल्या पुठ्ठ्यासारखं. त्या स्पर्शानं मला जी शिसारी आली ती कासवाची नव्हती, एवढं तरी मला तेव्हाच कळलं होतं.

डॉक्टरकडे नेलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, कुणाचं आहे. म्हणून नेलं नाही.

फोटो मात्र काढला. मिटलेले डोळे, फेस, सगळं नीट दिसेल असा. आणि पत्रक लिहिलं – आपल्याच सोसायटीतल्या एका घरातून या अवस्थेत सोडवलेला जीव. नाव घातलं नाही. घालायची गरज होती का? शेठ कुणाच्या गॅलरीत असायचा हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. काकू जिन्यातून उतरल्या की बाया गप्प व्हायच्या. एकीनं हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. गटात माझं कौतुक झालं – काय जळजळीत लिहिलंयस म्हणे.

तो मेला तेव्हा मी त्याला काळ्या पिशवीत घातलं आणि घंटागाडी येईपर्यंत जिन्याखाली उभी राहिले. ओल्या कचऱ्यात टाकावं की सुक्या, असा विचार केला मी. खरंच केला.

मग एका दुपारी काकू वर आल्या. हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं. आत यायला तयार नव्हत्या, उंबऱ्याबाहेरच उभ्या.

“खरं सांग पोरी. जगला का त्यो?”

“नाही काकू. फार उशीर झाला होता.”

“मी ऊन दिलं हुतं की गं त्याला. माझं काय चुकलं?”

इथे बोलता आलं असतं. आतल्या खोलीत ती रिकामी टाकी अजून तशीच होती, दार लोटायचा अवकाश. पण मी त्यांना समजावून सांगितलं. कवच कशानं मऊ पडतं, ओल कशी बाधते, ऊन कसं कमी पडतं. शाळेत सांगते त्याच आवाजात. माझ्या हातून जे जे झालं, ते एकेक करून त्यांच्या पदरात टाकत गेले. आणि त्या मान डोलवत होत्या. नीट ऐकत होत्या, पुन्हा चूक होऊ नये म्हणून ऐकावं तसं.

शेवटी त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे. “पाप झालं माझ्या हातनं,” म्हणाल्या, “तू शिकलेली हायस, मनात धरू नको.”

मी म्हणाले, “असू द्या काकू.”

मी त्यांना माफ केलं.