दिवाळीतला एक तास

माझ्या योगाच्या क्लासमध्ये बोलायला बंदी आहे. त्यामुळे बायकांचं सगळं बोलणं गच्चीच्या जिन्यात होतं, आणि किस्से तिथेच साठतात. मी एकाहत्तर वर्षांची, राहते मुलुंडला, शाळा सातवीपर्यंत. स्टेशनजवळच्या एका योगवर्गात सोळा वर्षं झाडू मारला. झाडता झाडता बघितलं, घरी येऊन केलं. कोणी शिकवलं नाही, म्हणून कोणाचे उपकारही नाहीत. आता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी सहा ते सात अकरा बायका माझ्यासमोर वाकतात. यातले बरेचसे किस्से या दिवाळीचे.

*

दिवाळी आठ दिवसांवर आली की ग्रुपवर मेसेज सुरू. "मावशी, फराळ झाला की येते." "मावशी, माळा काढलाय, जमणार नाही." वर्षभर ज्या टेन्शनसाठी क्लासला यायचं, ते घरात शिरलं की क्लासला सुट्टी. म्हणजे छत्री घ्यायची आणि पावसाळ्यात माळ्यावर टाकायची.

गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरची नलिनी अशीच घरी राहिली. शेव तळताना चक्कर येऊन पडली, कढईपासून वीतभर लांब. बीपी चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवतो, पण रोजचा योग चुकवू नका. घरात नवरा आणि कमावते दोन मुलगे. तिघांपैकी एकालाही चहा करता येत नाही.

या वर्षी मीच ग्रुपवर टाकलं. "दिवाळीत क्लास चालू. नलिनी एकटी आली तरी चालू."

*

तर सेक्रेटरी आला. "मावशी, लायटिंगचं काम आहे. आठ दिवस गच्चीला कुलूप."

"लायटिंग कठड्याला लावतात. आम्ही लाद्यांवर झोपतो."

तो तापला. "तसं बघायला गेलं तर शिकवायचं सर्टिफिकेट तरी आहे का तुमच्याकडे?"

"आहे की. तुमच्याच घरात आहे. तुमची आई हात न टेकता जमिनीवरून उठते ना, तेच."

कुलूप लागलं नाही. चावी त्याच्या आईनेच लपवली, हे मला नंतर जिन्यात कळलं.

*

तळमजल्यावरच्या काकूंनी वेगळंच काढलं. "मावशी, तुमच्यात दिवाळी करत नाहीत. तुम्हाला फराळाचं टेन्शन काय कळणार?"

आम्ही बौद्ध. माझ्या घरी दिवाळी नाही, खरं आहे. पण बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या घरी उभी राहून करंज्या तळल्यात.

म्हटलं, "काकू, टेन्शन करंजीचं नसतं. आपण तळत असताना बाकीचे बसून खातात, त्याचं असतं."

काकू दुसऱ्या दिवशी सहाला हजर. मनगटाला बेसन तसंच.

*

एकदा प्राणायाम चालू असताना नलिनीचा फोन वाजला. मी उचलला. तिचा मोठा मुलगा.

"आईला द्या ना. चिवड्याचे पोहे कुठे ठेवलेत?"

"आई श्वास घेतेय."

"किती वेळ लागेल?"

"मरेपर्यंत घ्यावा लागतो रे."

नलिनीचे डोळे मिटलेले, खांदे मात्र हलत होते. माझ्या क्लासात हसायलाही बंदी आहे. त्या दिवशी सोडून दिलं.

*

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी नलिनीने मला जिन्यात गाठलं. "मावशी, उद्या नाही हं. पहाटे तिघांना तेल लावायचं, उटणं काढायचं, पाणी काढायचं. लग्न झाल्यापासून कधी चुकलं नाही. हे म्हणतात, सणाच्या दिवशी तरी घरात थांब."

"आणि तुला तेल कोण लावतं?"

तिला विचार करावा लागला. "मी शेवटी आंघोळ करते. वाटीत उरलेलं असतं ना, ते."

मी म्हटलं, "मी सहाला गच्चीवर आहे." जास्त जोर केला नाही. जोर करायला तिच्या घरी तिघं आहेत.

*

दुसऱ्या दिवशी अजून नीट उजाडलं नव्हतं. खाली फटाके सुरू झालेले. अकरापैकी पाच बायका आल्या. सहावी नलिनी. केस ओले, तेलाचा वास. "पहिली आंघोळ केली मी," एवढंच म्हणाली आणि चटई टाकली.

मी वृक्षासन घेतलं. सगळ्या एका पायावर, दुसऱ्याचा तळवा मांडीला, हात डोक्यावर जोडलेले. तेवढ्यात जिन्याचं दार उघडलं. नलिनीचा नवरा. कमरेला पंचा, अंगभर स्वतःच थापलेलं तेल.

"नलू, उटणं कुठंय?"

"डब्यात." पाय खाली आला नाही.

"कुठल्या डब्यात?"

"दरवर्षी असतं त्या."

"दरवर्षी कुठल्या असतं?"

त्याच्या कोपरावरून तेलाचा थेंब लादीवर पडला. त्याच्या मागे दोन्ही मुलगे येऊन उभे राहिले, तेही पंचा गुंडाळून. नलिनी समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होती.

"शोधा," ती म्हणाली.

तिघंही जागचे हलेनात. सहा बायकांपैकी एकीचाही पाय हलला नाही.

मी म्हटलं, "आता दुसरा पाय."