शेवाळाचं स्पिरिट

दुष्काळाच्या त्या वर्षी ऊस नव्हता, म्हणून मळीही नव्हती, आणि आमच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतल्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या. मी तिथे केमिस्ट होतो. टाक्यांवरच्या मिस्त्रीने तळ्यातलं शेवाळ वाळवून तेजाबात उकळलं, चुन्याने आंबटपणा मारला आणि यीस्ट घालून आंबवलं. ते दारू गाळायच्या भांड्यात तापवल्यावर वाटीभर स्पिरिट निघालं.

"शेवाळाची दारू पाजतोस होय रे?" मोठे साहेब हसले.

"पिऊ नगा सायेब, काडी लावून बगा."

निळी ज्योत उठली. साहेबांचं हसू मावळलं. "कुठून तरी मळी चोरून घातलीस!"

मिस्त्री माझ्याकडे वळला. "तुमीच सांगा की भाऊसाहेब, समदं तुमच्या म्होरं केलंय."

मला बढती हवी होती. मी वहीत ‘मळीची भेसळ’ असं लिहिलं. पुढच्या हंगामात त्याला उसाच्या गव्हाणीवर मोळ्या टाकायला धाडलं. निवृत्त होईपर्यंत लोक त्याला ‘मळीचोर’ म्हणत.

त्यात मळीचा थेंबही नव्हता. आंबवायचं भांडं मीच धुतलं होतं, झाकणावर लाखेची मोहोरही मीच लावली होती. वहीतली ती ओळ खोटी आहे. कारखान्याची अब्रू जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल माझ्या दारात यावं. मी हेच सांगेन.