मावसाजींची छत्री

देव लाज वाटत होता तेव्हा आमचे मावसाजी डबल बेल मारून पुढे निघून गेले असावेत, असं आमच्या सगळ्या गोतावळ्याचं पक्कं मत आहे. एसटीत कंडक्टर म्हणून हयात काढलेला माणूस. वाशीमहून गाडी सुटली की रिठद येईपर्यंत अनोळखी प्रवाशाचा पगार, पोटाची तक्रार आणि सुनेशी त्याचं का पटत नाही, हे सगळं काढून घेत. निवृत्त होऊन किन्हीराजाला घरी बसले, पण सवय काही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून स्वतःच्या मूळव्याधीची हकिगत सांगणार, नव्या व्याह्यांना पहिल्याच मुक्कामानंतर तुम्ही फार घोरता म्हणून तोंडावर सांगणार. मावशी म्हणते, "यायच्या वाट्याची लाज बी मीच भोगून राह्यली."

असा हा माणूस एका शब्दापाशी येऊन अडला. त्यांच्या जोडीचा ड्रायव्हर खंगून खंगून गेला होता. आजार काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण गावाने टीबी म्हटलं आणि मावसाजींनीही टीबीच म्हटलं. ते मनाला लागलं असावं, कारण एक संस्था गावोगाव एड्सची माहिती सांगायला माणसं शोधत होती तेव्हा हे आपणहून जाऊन उभे राहिले. शिकून आले, खोकंभर पाकिटं घेऊन आले, आणि 'निरोध' हा शब्द काही तोंडातून फुटेना. 'कंडोम' तर दूरच राहिलं. बायकांसमोर आपण कंडक्टर होतो हे सांगतानासुद्धा 'कंड'पाशी दचकायला लागले. शेवटी त्यांनी 'छत्री' हा शब्द काढला. दिवाळी झाली की ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर निघणाऱ्या मजुरांना गाठून ते सांगत, परमुलखात जाता, छत्री वापरत जा. एका म्हातारीने विचारलंही, की तिकडे थंडीत पाऊस येतो का. मावसाजी येतो म्हणाले, आणि आपलं काम चोख झालं असं समजून घरी आले. पाकिटं खोक्यातच राहिली.

मजुरांचं एक वेळ ठीक होतं. खरी पंचाईत घरातच होती. त्यांची एकुलती एक मुलगी ज्याला दिली तो जावई ट्रक चालवतो, महिना महिना बाहेर असतो. ड्रायव्हर लोकांचं बाहेरचं जग कसं असतं ते मावसाजींना चांगलं माहीत होतं, आणि पोरीची काळजी त्यांचा जीव पोखरत होती. पण जावयाला सांगायचं कसं? जावयाने पुरणपोळीला नको म्हटलं तरी आपल्याकडे सासऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. तरी एक दिवस हिय्या करून त्यांनी फोन केला, की जावईबापू, बाहेर राहता, छत्री वापरत जा, काळजी वाटते. जावई आज्ञाधारक. पुढच्या खेपेला तो मामाजींसाठी नागपूरहून उत्तम घडीची छत्री घेऊन आला. सासऱ्याला छत्री हवी आहे आणि तोंड उघडून मागत नाहीत, असा त्याने सरळ अर्थ लावला. मावशीने ती गल्लीभर दाखवली. मावसाजींनी चिकाटीने पुन्हा सुचवलं, की एकीनं भागत नाही हो, दर वेळी नवी लागते. त्यावर त्याने आणखी दोन आणल्या. आम्ही पोट धरून हसलो. मावसाजी तेवढे हसले नाहीत.

मग धोंड्याचा महिना आला. जावई पाटावर बसला, पुढे परात. मावशी टॉवेल आणायला आत गेली. पाय धुणाऱ्याची मान खाली असते, समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही. म्हणूनच जमलं असेल. हे मला पुढे जावयानेच सांगितलं. त्याचा पाय हातात धरून मावसाजी म्हणाले, "छत्री म्हंजे निरोध, जावईबापू. कोठं पाय घसरला असंल तर मी कायी म्हनत नाही. पन माही पोर हाये घरी. एकडाव दोघंबी तपासनी करून घ्या."

जावयाने पाय तसाच त्यांच्या हातात राहू दिला. मग म्हणाला, "मले वाटे, हा आजार खराब मानसायलेच होते. अन् विचारावं तरी कोनाले, मामाजी?"

दोघं नवरा-बायको वाशीमला सरकारी दवाखान्यात जाऊन आले. तपासणीत मुलगी सुटली. जावई नाही सुटला. आता त्याला रोज गोळी असते. प्रकृती चांगली आहे, ट्रक चालू आहे, संसारही चालू आहे, निरोधासकट. धाब्यावर दुसऱ्या ड्रायव्हरांना तो स्वतःच सगळं सांगतो. मलाही म्हणाला, नाव घालू नका, बाकी खुशाल लिहा.

मावसाजी रोज संध्याकाळी त्याला फोन करतात. गोळी घेतली का, घेतली मामाजी, एवढंच बोलणं होतं. परवा मी ओसरीवर बसलो होतो. त्यांनी फोन ठेवला आणि ते माझ्याकडे वळले.

"रोज गोळीचं विचारतो जावयाले," ते म्हणाले, "कायी लाज वाटत नाही. मंग तवाच कायची वाटली रे मले?"