एलेनीबाईंच्या झग्यावरची माणसं

“सुला, माझ्या आईच्या शेपटीजवळ हे काय फासलंयस?”

आमच्या शेजारच्या एलेनीबाई ओरडल्या, की लंडनच्या आमच्या क्रॉयडन भागातली ट्राम स्टॉप नसेल तिथेही थांबायची. त्या दिवशी तर ड्रायव्हर उतरून चाकं तपासत होता. मी स्वतः पाहिलंय. निदान पाहिल्यासारखं आठवतंय.

शेपटीचा खुलासा करतो. बाई ग्रीसमधल्या एका बेटावरच्या. त्यांच्या घरातल्या मुली पिढ्यान् पिढ्या एकच रेशमी झगा घालून लग्नाला उभ्या राहायच्या. घेरावर भरतकाम, आणि त्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे घरातलं एक माणूस. गलबत म्हणजे आजोबा, डाळिंब म्हणजे आत्या, लांब शेपटीचा पक्षी म्हणजे आई. बाहेरच्याला तिथे जागा नाही. “राजा चहाला आला तरी त्याच्या नावाचा टाका पडणार नाही,” बाई बजावायच्या.

सुंदर काही दिसलं की नजर लागू नये म्हणून त्या थुंकायच्या. आमची मुलगी झाली तेव्हा पाळण्यावर ‘फ्तू, फ्तू, फ्तू’ असा वर्षाव केला, की मी छत्री शोधू लागलो. माझी बायको सुलभा, म्हणजे बाईंची ‘सुला’, नुसती हसली. दृष्ट काढणं तिला नवं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. तेव्हापासून ट्राम वेळेवर धावते, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

तर, तेव्हा बाईंच्या नातीचं, सोफियाचं, लग्न तोंडावर आलेलं. पोरगी जिममध्ये जाऊन अशी रुंदावली होती, की दारातून तिरकी शिरायची. झग्यात मावेना. बाईंचे डोळे अधू. जावयाला चहाची किटलीसुद्धा हाताळू न देणाऱ्या या बाईंनी झगा सुलभाच्या हवाली केला. सुलभानं जीव मुठीत धरून शिवणी सैल केल्या आणि काम संपल्यावर, माहेरच्या सवयीनं, कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलं. पणजीच्या काळातल्या दुधी रेशमावर! मग घाबरून साबण चोळला. साबणानं हळद आणखीच लाल झाली.

“नव्या कपड्याला लावतात,” सुलभा म्हणाली.

“हा नवा?”

“शिवण नवी आहे ना.”

बाईंनी छाती भरून श्वास घेतला. मी खिडकीची काच धरून ठेवली. तेवढ्यात सुलभा हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही माझ्या लेकीवर थुंकलात, तेव्हा मी कारण विचारलं नव्हतं.”

 झगा उराशी धरून त्या निघून गेल्या, आणि मग अबोला. त्यांच्या ओरडण्यापेक्षा त्या शांततेनंच आमची झोप उडाली. सुलभा लग्नाला यायलाच तयार नव्हती. मी तिला ओढून नेलं आणि आम्ही पार मागच्या रांगेत बसलो.

चर्चमधला विधी आटपला. आता रिवाजाप्रमाणे थोरल्या बाईनं नवरीच्या झग्यावरची माणसं सगळ्यांना ओळखून दाखवायची. नवरा इंग्रज, म्हणून सारं इंग्रजीत. बाईंचं बोट फिरू लागलं: आजोबा, आत्या, आई. आईच्या शेपटीशी एक फूल होतं. मध्ये सुलभाचा डाग तसाच, आणि भोवती लाल रेशमाच्या पाकळ्या, अधू डोळ्यांनी घातलेल्या वेड्यावाकड्या टाक्यांच्या.

खास बेटावरून आलेल्या बहिणीनं भुवया चढवल्या आणि घरात हे नवं कोण आलं, असं विचारलं.

बाईंनी आवाज जराही न चढवता सांगितलं, “शेजारीण.”